लाटेवर 'लाट' चालंल काय? समुद्राच्या हलण्यावर पाणी उपसायचा पंप

शहापूरचा_जावई
मंडळी नमस्कार. आधीच सांगतो, मी काय इंजिनिअर बिंजिनिअर न्हाई, शहापुरात कापडाचं दुकान आहे. सासरवाडी शिरोड्याला, वेंगुर्ले तालुक्यात. मेव्हण्याच्या वाटणीला तिथं एक लहानसं मिठागर आलंय आणि शेजारी कोळंबीचं तळं करायचं त्याच्या डोक्यात बसलंय. पाणी चढवायला डिझेलचं इंजिन आहे, ते उन्हाळाभर धडधडतंय आणि मेव्हणा डिझेलच्या पावत्या मला दाखवतोय, जसं काय मीच पंपावर बसलोय. दिवाळीला गेल्तो तेव्हा रात्री जेवून दोघं किनाऱ्यावर बसल्तो, समोर कुणाच्या तरी होडीला एक निळा ड्रम बांधलेला, तो आपला वर खाली वर खाली, थांबायचं नावच न्हाई. मेव्हणा म्हणाला भावोजी, ह्याच्या बुडाला पंप लावला तर? फुकट हापसतंय की हे. तेव्हापास्नं माझ्या डोक्यातनं जाईना झालंय. ड्रम, दांडा, खाली पंप, एवढंच. वीज नको, इंजिन नको. जमतंय काय हे? का आम्ही दोघं येडे?

मर्दा_खानापूर
मर्दा तू कापड विक की गप. सासरवाडीत जेवण जास्त झालं की असलं सुचतंय.
पण जमलंच तर एक काम कर, पाइप जरा लांबव आणि घाट चढवून इकडं आण. आमच्याकडं नळाला पाणी कधी येतंय ते कुणालाच ठाऊक नसतंय, समुद्राचं असलं तरी चालंल, आमटीत मीठ घालायचं वाचंल.

निपाणी_मास्तर
चेष्टा बाजूला ठेवून हिशोब करू, कारण हिशोब मजेचा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच. एक लिटर पाणी एक मीटर उचलायला ९.८ ज्यूल लागतात. म्हणजे एक युनिट वीज पूर्णच्या पूर्ण, काहीही वाया न जाता वापरली तरी बेळगावपर्यंत ४९० लिटरसुद्धा चढत नाही, अडीच ड्रम झाले. प्रत्यक्षात निम्मं धरा. खानापूरकर, तुमच्या आमटीचं मीठ फार महाग पडेल.

मर्दा_खानापूर
मास्तर तुम्ही शाळेतनं रिटायर झालाय न्हवं? सवय काय जाईना. बरं मग समुद्राचं राहू द्या, म्हादईचं

धागा_राखणदार
म्हादईच्या पाणीवाटपाचा वाद ह्या धाग्यावर नको. त्याचे आधीच तीन धागे आहेत आणि तिन्हींना कुलूप लावावं लागलंय. इथं लाट आणि पंप एवढंच बोला.

वडगाव_मावशी
धाग्याचं नाव वाचून आले मी. माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं, तिथं विहिरीतनं पाणी काढायची जी असते ना, खांबावर लांब आडवं लाकूड, एका टोकाला दगड बांधलेला आणि दुसऱ्या टोकाला बांबूला कोळंबं, त्याला लाटच म्हणायचे आमच्याकडे. माझे आजोबा पहाटे माडांना लाटेनं शिंपायचे, कोळंबं खाली ओढायला जोर लागतो पण भरलेलं वर येताना दगडच उचलतो, माणसाला फक्त हात लावायचा. लग्न होऊन इकडे आले तर सासऱ्यांची मोट. चामड्याची, बैलजोडी धावेवर मागं सरायची की मोट विहिरीत बुडायची, पुढं चालली की नाडा ताणून वर, आणि थारोळ्यात ओतली की धो धो. तो चाकाचा कर्र आवाज अजून कानात आहे. तेव्हा जावईबापू, तुम्ही काही येडे नाही. बैलाच्या जागी समुद्र जुंपताय एवढंच. पण बैल सांगितल्यावर थांबतो, समुद्र थांबेल का ते बघा.

शहापूरचा_जावई
मावशी, लाटेवर लाट! धाग्याचं नाव बदलूनच टाकलं बघा, आधी "समुद्रावरचा पंप" होतं.

निपाणी_मास्तर
मावशींनी फार नेमकं लिहिलंय. आता लाटेबद्दल. लाट किनाऱ्याकडे येताना दिसते तसं पाणी पुढे येत नसतं, पाणी जागच्या जागी गोल फिरतं, म्हणून ड्रम पुढे न जाता वर-खाली होत राहतो (किनाऱ्याला फुटते ती गोष्ट वेगळी). तिच्यात ताकद किती? खोल पाण्यात ढोबळ सूत्र असं: लाटेच्या उंचीचा वर्ग, गुणिले दोन लाटांमधले सेकंद, त्याचं निम्मं करा, म्हणजे एक मीटर रुंदीमागे किलोवॅट मिळतात. अर्ध्या मीटरची लाट, ६ सेकंदांनी एक: ०.२५ गुणिले ६ गुणिले अर्धा, पाऊण किलोवॅट. आता पावसाळा. तीन मीटरची लाट, ९ सेकंद: ९ गुणिले ९ गुणिले अर्धा, चाळीस किलोवॅट. उंची सहापट, ताकद पन्नासपटीच्या वर. हा उंचीचा वर्ग लक्षात ठेवा, पुढे सगळं गाडं ह्याच्यावरच अडणार आहे.

उद्यमबाग_लेथ
दोन दिवस वाचायलोय, आता ऱ्हावंना म्हणून लिहितोय. माझं उद्यमबागेत लहान शॉप आहे, हायड्रॉलिक सिलिंडरची कामं करतो, पिस्टन रॉड सील हेच आयुष्य. मास्तरांनी समुद्राकडनं हिशोब मांडला, मी ड्रमाकडनं मांडतो.
२०० लिटरचा ड्रम. पुरा बुडाला तर २०० किलोनं वर ढकलतोय, पण पुरा बुडवून चालत न्हाई, ८० किलो धरा. लाट अर्ध्या मीटरची, त्यातलं दांड्याला खरं मिळणार ३० सेंटिमीटर. ८० गुणिले ०.३, म्हणजे २४. एका लाटेत २४ लिटर पाणी एक मीटर उचलायची ताकद. तुम्हाला वाळूच्या टेकाडावरनं पलीकडं टाकायचं म्हणजे ६ मीटर धरू, मग ४ लिटर. वायसर, पाइप, गळती ह्यात निम्मं जाणार, २ लिटर ऱ्हायलं. मिनिटाला १० लाटा, २० लिटर. तासाला १२००. रात्रंदिवस न थांबता चाललं तर २८,८००.
आकडा मोठा वाटतोय न्हवं? आता तुमच्या मेव्हण्याचं ५ एचपीचं इंजिन त्याच ६ मीटरला तासाला लाखाच्या वर लिटर फेकतंय. म्हणजे ड्रमाचं दिवसभराचं काम इंजिन पंधरा मिनिटांत करतंय आणि त्याला डिझेल लागतंय पाव लिटर. पाव लिटर डिझेल वाचवायला समुद्रात लोखंड घालायचं काय, ते तुम्ही ठरवा अण्णा.

शहापूरचा_जावई
पाव लिटर?? हिशोब परत एकदा बघा की ओ.

निपाणी_मास्तर
बरोबर आहे त्यांचा. ड्रममधून निघते ती सरासरी ताकद ४० वॅटच्या आत. घरातला साधा पंखासुद्धा त्याहून जास्त खातो.
पण दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. मिठागरात उन्हानं दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं तर एकराला २० हजार लिटर होतात. म्हणजे एक ड्रम एका एकराची उडालेली भर रोज भरून काढू शकतो, आणि त्याला कुणी चालू-बंद करायला नको. अगदीच टाकाऊ कल्पना नाही.

चिक्कोडी_ऊस
आमच्याकडं थ्री फेज रात्री दोनला येत्यात, बॅटरी घेऊन उसात जावं लागतंय मोटर चालू करायला, साप पायाखाली. त्यामुळं आपोआप चालणारं काय पण असलं तरी मला गोडच वाटतंय. हे जगात कुणी केलंय काय आधी? का जावईच पहिले?

निपाणी_मास्तर
सव्वादोनशे वर्षं झाली. १७९९ साली पॅरिसमध्ये गिरार नावाच्या बापलेकांनी लाटेवर चालणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, लाटेचं हे पहिलं पेटंट मानतात. तरंगणारं जहाज, त्याला बांधलेला लांबच लांब दांडा, त्याचं दुसरं टोक किनाऱ्यावर आणि तिथं पंप, करवती, गिरण्या. वीज तेव्हा नव्हतीच, त्यामुळे सरळ दांड्यानंच काम घ्यायचा विचार. मावशींच्या माहेरची लाटच की ही, दगडाच्या जागी जहाज.
प्रत्यक्ष चाललेलं यंत्र म्हणजे कॅलिफोर्नियात सांताक्रूझला, १८९८ च्या सुमारास. आर्मस्ट्राँग बंधूंनी किनाऱ्याच्या कड्यात विहीर खोदली, तिचं तोंड खालून समुद्राला जोडलेलं, आत तराफा, तराफ्याला पंपाचा दांडा. समुद्राचं पाणी वर टाकीत चढवायचं आणि ते धुळीच्या रस्त्यांवर शिंपडायला वापरायचं. दहाएक वर्षं चाललं ते. मला त्यातली विहिरीची युक्ती फार आवडते, वादळाचा मार थेट यंत्रावर येत नाही.
आपल्याकडे केरळात विळिंजमला आयआयटी मद्रासनं १९९१ मध्ये १५० किलोवॅटचं केंद्र उभं केलं. तिथं पंप नाही, काँक्रीटच्या पेटीत लाट आत शिरली की वरची हवा दाबली जाते आणि ती हवा टर्बाइन फिरवते, लाट मागे गेली की हवा उलटी आत ओढली जाते तरी टर्बाइन फिरतो त्याच बाजूला. पुढे त्यावर समुद्राचं पाणी गोडं करायचे प्रयोगही झाले. आता ते बंद आहे. आणि २०२२ मध्ये त्याच संस्थेनं तुतिकोरीनच्या किनाऱ्यापासून सहा किलोमीटर आत 'सिंधुजा' नावाचं यंत्र तपासलं, १०० वॅटचं. शंभर. एवढ्या हुशार लोकांना इतका वेळ लागतो तो उगीच नाही.

उद्यमबाग_लेथ
ऑस्ट्रेलियातलं पण सांगा की मास्तर, ते आमच्या लायनीतलं. पर्थजवळ पाण्याखाली मोठे बोये ठेवलेले, बुडाला पंप, आणि दाब दिलेलं पाणी पाइपनं किनाऱ्यावर. यंत्र सगळं कोरड्यात, समुद्रात फक्त पंप. विचार चांगला आहे कारण खाऱ्या पाण्यात वायरिंग म्हणजे डोक्याला ताप. आता पंपाचं बोलतो, इथं मला कळतंय.
एक. बीडाचा सिलिंडर खाऱ्या पाण्यात घालू नका, महिन्यात आतनं खवले धरतोय. गनमेटल (तांब्या-कथलाचा मिश्र धातू) न्हाईतर ३१६ स्टेनलेस, आणि दोन्ही धातू एकमेकाला चिकटवून ठेवू नका, एक दुसऱ्याला खातोय.
दोन, आणि हे कुणाच्या ध्यानात येत न्हाई. लाट अर्ध्या मीटरची पण भरती-ओहोटीत पाणीच दोन मीटरपर्यंत वर-खाली होतंय. तुमचा पंप एका जागी बोल्टानं आवळला तर ओहोटीला ड्रम हवेत लोंबकळणार आणि भरतीला पाण्याखाली जाणार. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, अर्धा मीटर आणि समुद्र सरकतोय दोन मीटर. ह्याला एक तर दांडा सरकता पाहिजे, न्हाईतर स्वीडनमध्ये केल्तं तसं, पिस्टनच नको, जाड रबरी नळी ड्रम आणि नांगराच्या मध्ये ताणून ठेवायची, ताणली की बारीक होत्या आणि पाणी ढकलत्या, सैल झाली की भरून घेत्या. गायीच्या सडासारखं.
तीन, एनआरव्ही. पाणी एकाच दिशेला जाऊ देणारी झडप. अख्खा पंप म्हणजे दोन झडपा आणि मधे हवा तसा हलणारा काय तरी, बाकी सगळी सजावट. झडप अडकली की पंप मेला.

वेंगुर्ला_धक्का
मी वेंगुर्ल्याचो, सगळां वाचलंय. बरा लिवतास तुमी घाटावरचे, पण समुद्र तुमी सुट्टीतच बघलास. आता तुमच्या भाषेत सांगतो.
मीठ कधी पिकतं? पाऊस संपून जमीन वाळली की, म्हणजे थंडी संपता संपता ते मे महिन्यापर्यंत. त्या दिवसांत आमचा समुद्र तळ्यासारखा असतो, सकाळी तर काचेसारखा, दुपारी वारा सुटला तर थोडी लाट. आणि लाट जोरात कधी? जून ते सप्टेंबर, तेव्हा मिठागर पावसाच्या पाण्याखाली, होड्या वर ओढलेल्या, आणि समुद्रात काहीही बांधून ठेवलंत तर सकाळी ते वाळूवर. मास्तरांचा तो वर्ग म्हणजे हेच. पाणी हवं तेव्हा ताकद नाही, ताकद आहे तेव्हा पाणी नको.
दुसरं, मिठागरं कुठे असतात? उघड्या किनाऱ्यावर नाही, खाडीच्या आत. खाडीत लाट कुठली? तिथं चालते भरती. उधाणाला, म्हणजे अमावस्या-पुनवेला, पाणी आपणहून चढतं, वाट उघडायची, आत घ्यायचं, बंद करायचं. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, चढत नाही. तुमचा मेव्हणा इंजिन कधी चालवतो ते विचारा. भांगाच्या दिवसांत चालवत असेल तर ठीक. उधाणातसुद्धा चालवत असेल तर दोष दुसरीकडे आहे.

शहापूरचा_जावई
विचारतो. धक्क्यावाले, तुम्ही एका पोस्टीत आमचं दोन महिन्यांचं स्वप्न पुसलंत की.

कणकुंबीचा_पाऊस
आम्हाला समुद्र न्हाई पण ओढे आहेत, मलप्रभा आमच्याकडनंच निघत्या. वस्ती वर, ओढा खाली, आणि पाऊस संपला की बाया घागरी घेऊन चढत्यात. असलं बिनविजेचं ओढ्यावर काय चालतंय का? लाट न्हाई पण पाणी वाहतंय.

उद्यमबाग_लेथ
भावा तुला रॅम पंप पाहिजे, तू चुकून बरोबर धाग्यावर आलास. पाणी पाइपातनं जोरात खाली येतंय, झडप दणकन बंद होत्या, अडलेल्या पाण्याचा हिसका बसतोय आणि त्या हिसक्यानं थोडं पाणी दुसऱ्या झडपेतनं वर चढतंय, मग पहिली झडप आपोआप उघडत्या. ठक, ठक, ठक, मिनिटाला पन्नास-साठ वेळा. तुझ्या ओढ्याला २ मीटरची उडी असली आणि वस्ती २० मीटर वर, तर मिनिटाला १०० लिटर आत घेतलं की ६ लिटर वर मिळतंय. ९४ लिटर परत ओढ्यात. दिवसाला साडेआठ हजार लिटर होतंय, एका वाडीला बक्कळ. दोन झडपा आणि एक हवेचं मडकं, बाकी काय न्हाई.

निपाणी_मास्तर
आणि तो काढला मोंगोल्फिएनं, १७९६ मध्ये. हवेत बलून उडवणारा तोच. म्हणजे गिरार बापलेकांच्या आधी तीन वर्षं.

मर्दा_खानापूर
कणकुंबी अण्णा, हे करा खरंच. मी येतो पाइप धरायला. चेष्टा न्हाई.

शहापूरचा_जावई
मंडळी, महिन्यानं लिहितोय, रागावू नका. सगळं वाचून पण आम्ही करून बघितलंच. कारण मेव्हणा ऐकंना आणि खरं सांगायचं तर मी पण ऐकंना.
भंगारातनं जुन्या हापशीचा सिलिंडर मिळाला, अडीच इंची बोअरचा. खाडीच्या तोंडाला, जिथं थोडी लाट येत्या, तिथं चार बांबू रोवले, आडवं फळकूट, फळकुटाला सिलिंडर बांधला, दांड्याच्या टोकाला मासेमारीचा ३५ लिटरचा कॅन. धक्क्याला बांधायला परवानगी विचारायला गेल्तो तर तीन टेबलं फिरवलं आणि चौथ्यावर म्हणाले समुद्र आमच्याकडं येत न्हाई. म्हणून बांबू.
सकाळी साडेनऊला पहिलं पाणी आलं. नळीच्या तोंडातनं आधी हवा, फुस्स, मग गढूळ चुळकाभर, मग लाट गेली की थांबायचं, लाट आली की गुळणी टाकल्यासारखं बदकन. मेव्हण्याची पोरं नाचायला लागली. मोजलं तर २० लिटरचा कॅन भरायला पाच मिनिटं, तीन मीटर उंचीला. म्हणजे मिनिटाला चार लिटर. मी आयुष्यात कापड मोजलंय पण एवढं जपून कधी मोजलं न्हाई.
साडेबाराला पुरी ओहोटी झाली. लेथवाले, तुमचं वाक्य आठवलं तेव्हा उशीर झालता. कॅन हवेत लोंबकळायला लागला, फाशी दिल्यासारखा. म्हटलं असू दे, भरतीला चालंल परत. संध्याकाळी भरतीला पाणी कॅनवरनं गेलं, कॅन पाण्याखाली जोर लावून बसला आणि लाटेगणिक फळकूट उचलायला लागला. सकाळी बघितलं तर दांडा धनुष्यासारखा वाकलेला, दोन बांबू गायब. आणि सिलिंडर खोलला तर खालच्या झडपेत एवढंसं खुबं अडकलेलं, नखाएवढं. म्हणजे दांडा वाकायच्या आधीच ते मेलं होतं की काय कोण जाणे.

उद्यमबाग_लेथ
अडीच इंची सिलिंडर, मिनिटाला दहा लाटा, चार लिटर. बरोबर एवढंच येणार, एका स्ट्रोकला ४०० मिलिलिटरच बसतंय त्यात. गळती शून्य आली म्हणायची, शाबास. दांडा सरळ करायला घेऊन ये, पैसे न्हाई घेत.

वेंगुर्ला_धक्का
इंजिन कधी चालवतो विचारलंत का?

शहापूरचा_जावई
विचारलं. उधाणात पण चालवतोय. मग दोघं जाऊन वाट बघितली, पाणी जिथनं आत घेत्यात ती. लाकडाची झडप आहे, वरनं बिजागरीवर लटकलेली, बाहेरचं पाणी चढलं की आपोआप आत ढकलली जात्या, ओहोटीला आतल्या पाण्याच्याच दाबानं बंद होत्या. व्हायला पाहिजे तशी. पण बिजागरी गंजून एका बाजूनं तुटलेली, झडप तिरकी बसलेली, खाली चार बोटं फट. उधाणाला जेवढं आत येतंय तेवढं सगळं ओहोटीला बाहेर. आणि मेव्हणा तेच पाणी डिझेलनं परत आत घालायलाय, तीन वर्षं.

वेंगुर्ला_धक्का
गोव्यात असल्या दाराला मानस म्हणतात. तिथल्या खाडीकाठच्या खाजन जमिनी शेकडो वर्षं ह्याच्यावर टिकल्यात, तिथं ते उलटं लावतात, भरतीचं खारं बाहेर राहावं आणि शेतातलं पाणी ओहोटीला जावं म्हणून.

उद्यमबाग_लेथ
थांबा थांबा. वरनं लटकलेलं दार, एका बाजूनं उघडतंय, दुसऱ्या बाजूनं बसतंय. एनआरव्हीच की ओ ही! म्हणजे तुमच्या मेव्हण्याकडं पंप आहेच. पिस्टन चंद्र हलवतोय, सहा तासाला एक स्ट्रोक, सिलिंडर म्हणजे अख्खं मिठागर. फक्त झडप गळायली. उगीच महिनाभर ड्रमावर डोकं लावलं आपण.

वडगाव_मावशी
मी म्हटलं नव्हतं, समुद्र थांबेल का बघा म्हणून? आता दार नीट करा आधी. आणि बिजागरी लोखंडाची नको, पुन्हा तेच होईल.

उद्यमबाग_लेथ
मावशी, गनमेटलची ओततो. जावई, झडपेची रुंदी, जाडी आणि जुन्या बिजागरीचा फोटो पाठवा, भोकाचं अंतर मोजून पाठवा, अंदाजानं नको. खालच्या कडेला जुन्या टायरच्या ट्यूबची पट्टी मारा, फट बसत्या. रविवारी शॉपवर या. येताना शिरोड्याचं जाडं मीठ आणा दोन किलो, घरी लोणच्याला पाहिजे म्हणून सांगितलंय.

कणकुंबीचा_पाऊस
लेथवाले, गनमेटल ओतायलाय तर रॅमच्या दोन झडपा पण त्यातच ओता की. मी पण रविवारी येतो. ओढ्याची उडी मोजली, दोन मीटरला चार बोटं कमी आहे.

मर्दा_खानापूर
मी गाडी काढतो. कणकुंबीला आधी येऊ का जांबोटी फाट्यावर थांबतोस?